चुंबकीय अनुस्पंदन तापमापन

केंद्रित श्राव्यातीत तरंगांनी (माणसाला ऐकू येणाऱ्या ध्वनीपेक्षा अधिक कंप्रतेच्या, म्हणजे दर सेकंदास २०,००० पेक्षा जास्त कंपने होणाऱ्या तरंगांनी) शरीराच्या अंतर्भागातील एखादा लहान भाग तापविला जात असताना, त्या भागाचे व त्याच्या आसपासच्या ऊतकांचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांचे) तापमान चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाच्या साहाय्याने, शरीरात कोणतेही उपकरण न खुपसता मोजण्याची पद्धती. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन हे तंत्र एमआरआय या नावाने सर्वपरिचित आहे. रोगनिदानासाठी त्याचा वापर करताना शरीराची रचना पाहिली जाते. तापमापनात त्याच यंत्राने शरीरातील उष्णतेचा नकाशा दर काही सेकंदांनी काढला जातो. या पद्धतीत तापमान प्रत्यक्ष मोजले जात नाही. पाण्याच्या रेणूंतील हायड्रोजन अणुकेंद्रांच्या कंप्रतेत तापमानामुळे होणारा अतिसूक्ष्म बदल मोजून त्यावरून तापमानातील वाढ काढली जाते. पद्धतीचे गुण आणि तिच्या मर्यादा या दोन्हींचे मूळ याच गोष्टीत आहे.

केंद्रित श्राव्यातीत उपचार : बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूत एकत्र आणले म्हणजे तेथे ठेवलेला कागद जळतो; परंतु भिंग व कागद यांमधील हवा तापत नाही. श्राव्यातीत तरंगांच्या बाबतीतही असेच करता येते. दाबविद्युत् पदार्थाच्या (विद्युत् दाब लावला असता ज्याच्या आकारमानात बदल होतो अशा पदार्थाच्या) अंतर्गोल पृष्ठापासून निघालेले तरंग त्वचेतून व वरच्या ऊतकांतून विखुरलेल्या स्थितीत जातात आणि ठराविक खोलीवर एकत्र येतात. तेथे त्यांची तीव्रता दर चौ. सेंमी. ला १,००० वॉट वा त्याहूनही अधिक होऊ शकते. तरंगांच्या ऊर्जेचा काही भाग ऊतकात शोषला जाऊन त्याची उष्णता बनते व केंद्रस्थानीचे तापमान काही सेकंदांतच ५५°–६०° से. पर्यंत चढते. या तापमानाला उकडलेल्या अंड्यातील पांढऱ्या बलकाप्रमाणे कोशिकांतील प्रथिने घट्ट होतात व कोशिका मरतात. मृत भाग पुढे शरीराकडूनच हळूहळू शोषला जातो किंवा त्याचा व्रण बनतो. कातडी कापावी लागत नाही, रक्तस्राव होत नाही आणि क्ष-किरणांसारखे आयनीकारक प्रारणही वापरावे लागत नाही.

मऊ ऊतकात ध्वनीचा वेग दर सेकंदास सु. १,५४० मी. असतो. त्यामुळे १० लाख हर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगांची तरंगलांबी तेथे सु. १.५ मिमी. भरते व केंद्रस्थानाचा आकार साधारणपणे तांदळाच्या दाण्यासारखा, म्हणजे रुंदीला काही मिमी. व लांबीला त्याच्या काही पट असतो. मोठी गाठ नष्ट करावयाची असल्यास असे अनेक झोत शेजारीशेजारी द्यावे लागतात. [⟶ श्राव्यातीत ध्वनिकी].

तापमान मोजण्याची आवश्यकता : किती शक्तीचे तरंग किती वेळ सोडले म्हणजे केंद्रस्थानी किती तापमान होईल, हे केवळ गणिताने सांगता येत नाही. वाटेतील वसेची (चरबीची) जाडी, हाडांची घनता, ऊतकाची शोषणक्षमता या गोष्टी व्यक्तीव्यक्तींत भिन्न असतात. शिवाय वाहते रक्त उष्णता आपल्याबरोबर नेते. मोठ्या रक्तवाहिनीलगतचा भाग तापविणे हे वाहत्या पाण्यात बुडालेले भांडे तापविण्यासारखे असते. वेगवेगळ्या ऊतकांतून जाताना तरंगांची दिशाही थोडी बदलते व केंद्रस्थान नियोजित जागेपासून एकदोन मिमी. सरकू शकते. मेंदूमध्ये एवढे अंतर म्हणजे इच्छित केंद्रक व हालचालींचे संदेश नेणारे तंत्रिका तंतू (मज्जातंतू) यांमधील अंतर होय.

तापमान आणि कोशिकांचा मृत्यू यांचे नाते सरळ प्रमाणाचे नाही. स्टीव्हन सापारेटो व विल्यम ड्यूई यांनी १९८४ मध्ये सुचविलेल्या रीतीनुसार कोणत्याही तापमानाला घालविलेला काळ ‘४३° से. ला घालविलेली तुल्य मिनिटे’ या मापात मांडतात. ४३° से. च्या वर तापमान १° से. ने वाढले की, तोच परिणाम होण्यास निम्मा वेळ पुरतो. पुष्कळ ऊतकांच्या पूर्ण नाशासाठी २४० तुल्य मिनिटे ही मात्रा धरली जाते. म्हणजे ४३° से. ला ज्या परिणामासाठी ४ तास लागतात, त्यासाठी ४८° से. ला साडेसात मिनिटे, ५३° से. ला सु. १४ सेकंद व ५६° से. ला २ सेकंदांपेक्षाही कमी वेळ लागतो. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. तापमान मोजण्यात ३° से. ची चूक झाली, तर काढलेली मात्रा आठपट चुकते. चूक एका बाजूला झाली, तर रोगट भाग जिवंत राहतो. दुसऱ्या बाजूला झाली, तर निरोगी भाग मरतो आणि मेलेली तंत्रिका कोशिका पुन्हा निर्माण होत नाही. म्हणूनच या उपचारात तापमापन हे जोडकाम नसून उपचाराचा मुख्य आधार ठरते.

तापमान मोजण्याचे नेहमीचे साधन म्हणजे तपयुग्म (दोन भिन्न धातूंच्या तारांच्या सांध्यात तापमानानुसार निर्माण होणारा विद्युत् दाब मोजणारे साधन). ते सुईतून ऊतकात घालता येते. परंतु त्यासाठी शरीराला भोक पाडावे लागते आणि ज्यासाठी श्राव्यातीत तरंग वापरावयाचे तो हेतूच निष्फळ होतो. शिवाय तपयुग्म एकाच बिंदूचे तापमान दाखविते आणि तारेच्या उपस्थितीमुळे तेथील ध्वनिक्षेत्र व तापमान दोन्हीही बदलतात.

इतिहास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जॉन लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये केंद्रित श्राव्यातीत तरंगांनी प्राण्यांच्या ऊतकात, वरच्या थरांना फारशी इजा न होता, खोलवर परिणाम घडविता येतो असे दाखविले. १९५० नंतरच्या दशकात इलिनॉय विद्यापीठातील विल्यम फ्राय व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी हे तंत्र पुष्कळ विकसित केले आणि तंत्रिका शस्त्रक्रियातज्ञ रसेल मेयर्स यांच्या सहकार्याने ते कंपवाताच्या रोग्यांवर वापरून पाहिले. कवटीचे हाड तरंगांना अडथळा करीत असल्याने त्यावेळी हाडाचा तुकडा काढून वाट मोकळी करावी लागे. मेंदूत आत काय घडत आहे ते उपचार चालू असताना पाहण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. त्यामुळे तत्त्व सिद्ध होऊनही ही पद्धती दीर्घकाळ मोजक्या प्रयोगशाळांपुरती राहिली.

दुसरा धागा भौतिकीतील आहे. फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा आविष्कार घन व द्रव पदार्थांत दाखविला. या कार्याबद्दल त्या दोघांना १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. जे. सी. हिंडमन यांनी १९६६ मध्ये पाण्यातील प्रोटॉनांची अनुस्पंदन कंप्रता तापमानानुसार बदलते, याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा उद्देश पाण्याच्या रेणूंमधील बंध समजून घेणे हा होता. वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी अनुस्पंदनावरून प्रतिमा मिळविण्याची रीत मांडली व पीटर मॅन्सफील्ड यांनी तिचा विकास केला. या दोघांना २००३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. [⟶ अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन].

या प्रतिमांवरून शरीरातील तापमान काढता येईल, अशी सूचना डेनिस पार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये केली. त्यांनी शिथिलन कालाचा (विचलित झालेली अणुकेंद्रे मूळ स्थितीत येण्यास लागणाऱ्या कालाचा) आधार घेतला होता. १९९२ मध्ये हार्वी क्लाइन, कुलर्व्हो हायनिनेन, फेरेंत्स योलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुस्पंदन प्रतिमांच्या मार्गदर्शनाखाली केंद्रित श्राव्यातीत तरंगांचा वापर करून दाखविला. जपानमधील यासुतोशी इशिहारा आणि बेल्जियममधील द पॉर्टर यांच्या गटांनी १९९५ मध्ये प्रोटॉन अनुस्पंदन कंप्रतेवर आधारलेल्या तापमापनाचे निबंध प्रसिद्ध केले व हीच रीत पुढे प्रमाण ठरली. १९४२ मध्ये सापडलेल्या उपचारतंत्राला त्याचा तापमापक मिळण्यास अशा प्रकारे सु. अर्धशतक लागले.

तत्त्व : पाण्याच्या रेणूत हायड्रोजनाचे दोन अणू असतात. हायड्रोजनाच्या अणुकेंद्रात एकच प्रोटॉन असतो व तो एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. प्रबल चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर, कललेल्या भोवऱ्याचा अक्ष जसा डोलत फिरतो, तसा या प्रोटॉनाचा अक्ष क्षेत्राच्या दिशेभोवती फिरत राहतो. या गतीची कंप्रता क्षेत्राच्या प्रमाणात असते. १ टेस्ला क्षेत्रात ती ४ कोटी २६ लाख हर्ट्‌झ इतकी व रुग्णालयांत नेहमी आढळणाऱ्या १.५ टेस्ला क्षेत्रात सु. ६ कोटी ३९ लाख हर्ट्‌झ असते.

प्रोटॉनाला जाणवणारे क्षेत्र मात्र बाहेरून लावलेल्या क्षेत्राएवढे नेमके नसते. त्याच्या भोवतालचे इलेक्ट्रॉन त्याला या क्षेत्रापासून किंचित झाकतात. याला परिरक्षण म्हणतात. द्रव पाण्यात एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनाकडे ओढला जाऊन त्यांच्यात हायड्रोजन बंध नावाचा दुर्बल बंध तयार होतो. या ओढीमुळे प्रोटॉनाभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे आच्छादन विरळ होते. पाणी तापले की रेणूंची हालचाल वाढते, हायड्रोजन बंध ताणले, वाकविले वा तोडले जातात व इलेक्ट्रॉनांचे आच्छादन पुन्हा काहीसे दाट होते. परिरक्षण वाढल्याने प्रोटॉनाला जाणवणारे क्षेत्र कमी होते आणि त्याची कंप्रता घटते.

ही घट दर अंश सेल्सियसला दहा कोटींत सु. एक भाग एवढी असते. १.५ टेस्ला क्षेत्रात ६ कोटी ३९ लाख हर्ट्‌झमध्ये ती केवळ ०.६४ हर्ट्‌झ भरते. एवढा सूक्ष्म बदल उपयोगी पडण्याची कारणे तीन आहेत. वैद्यकीय उपचाराच्या तापमान मर्यादेत हा बदल तापमानवाढीच्या जवळजवळ सम प्रमाणात होतो. पाण्याचे प्रमाण भरपूर असलेल्या सर्व ऊतकांत त्याचे मूल्य जवळजवळ सारखे असते. आणि उष्णतेने ऊतक मेल्यानंतरही त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून स्नायू, यकृत वा मेंदू यांसाठी निरनिराळी कोष्टके वापरावी लागत नाहीत.

मापनाची रीत : अर्ध्या हर्ट्‌झचा फरक थेट मोजण्याऐवजी त्याचा साठत जाणारा परिणाम मोजतात. वेगात अगदी थोडा फरक असलेली दोन घड्याळे एकाच वेळी सुरू केली, तर काही काळाने त्यांच्या काट्यांत स्पष्ट अंतर पडते. त्याचप्रमाणे तापलेल्या व न तापलेल्या प्रोटॉनांच्या परिभ्रमणात ठराविक काळाने पडलेले अंतर, म्हणजे कलांतर, प्रतिमेवरून काढता येते. १.५ टेस्ला क्षेत्रात अणुकेंद्रे उद्दीपित केल्यापासून २० मिलिसेकंदांनी (१ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) संकेत नोंदल्यास दर अंश सेल्सियसला सु. ४.६ अंशांचे कलांतर मिळते. २०° से. ने तापलेल्या ऊतकात ते सु. ९२ अंश, म्हणजे जवळजवळ पाव फेरीएवढे होते. ३ टेस्लाच्या यंत्रात याच्या दुप्पट बदल मिळतो. कालांतर वाढविल्यास कलांतर वाढते, परंतु तोवर संकेत क्षीण होत जातो. म्हणून दोन्हींचा समतोल साधणारा काळ निवडतात.

प्रत्यक्षात तरंग सोडण्यापूर्वी त्या भागाची एक आधार-प्रतिमा घेतली जाते. नंतर तरंग चालू असताना व त्यानंतर निवण्याच्या काळात साधारणतः दर तीन ते सहा सेकंदांनी नवी प्रतिमा घेऊन तिच्यातील प्रत्येक लहान घनखंडाच्या कलेतून आधार-प्रतिमेतील कला वजा करतात. आलेला फरक संगणक तापमानात रूपांतरित करतो व शरीररचनेच्या प्रतिमेवर रंगांनी दाखवितो. एका घनखंडाची रुंदी १ ते २ मिमी. व जाडी ३ ते ५ मिमी. असते आणि स्थिर अवयवात सु. १° से. पर्यंतची अचूकता मिळू शकते. प्रत्येक घनखंडाच्या तापमानाच्या नोंदींवरून वर सांगितलेली तुल्य मिनिटेही मोजली जातात आणि जेवढ्या भागात ती ठराविक मर्यादा ओलांडतात, तेवढा भाग नष्ट झाला असे धरतात.

श्राव्यातीत तरंगांची कंप्रता काही लाख हर्ट्‌झ आणि अनुस्पंदन संकेतांची अनेक कोटी हर्ट्‌झ असल्याने योग्य गाळण्या बसविल्यास ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात. मात्र तरंग निर्माण करणारे सर्व साहित्य अचुंबकीय असावे लागते.

उपचारातील कार्यवाही : या पद्धतीचे स्वरूप मेंदूतील थॅलॅमस या भागावरील उपचारात स्पष्ट दिसते. इसेन्शियल ट्रेमर या विकारात हात एवढे थरथरतात की, रोग्याला पेला तोंडाला लावणे किंवा सही करणे कठीण होते. औषधांचा उपयोग न झाल्यास थॅलॅमसमधील एका लहान केंद्रकाचा काही मिमी. एवढा भाग निष्क्रिय केला जातो. यासाठी डोक्याभोवती अर्धगोलाकार शिरस्त्राणासारखे साधन बसवितात. प्रचलित साधनात १,०२४ स्वतंत्र तरंगोत्पादक असून त्यांची कंप्रता सु. साडेसहा लाख हर्ट्‌झ असते. कवटीची जाडी जागोजागी भिन्न असल्याने प्रत्येक उत्पादकाचे तरंग कमीअधिक विलंबाने आत पोहोचतात. अगोदर काढलेल्या सीटी स्कॅनवरून हा विलंब हिशेबात घेऊन प्रत्येकाची कला स्वतंत्रपणे बदलली जाते. साधन व डोके यांमध्ये विरलेली हवा काढून टाकलेले थंड पाणी खेळविले जाते, कारण हाड पुष्कळ तरंग शोषून घेऊन तापते.

रोगी उपचारात जागा असतो. प्रथम अल्प शक्तीचे झोत सोडून केंद्रस्थानी सु. ४०°–४५° से. एवढेच तापमान आणले जाते. यामुळे कायम स्वरूपाची इजा होत नाही. परंतु तापचित्रावर केंद्रस्थान नेमके कोठे पडले ते दिसते व ते सरकले असल्यास दुरुस्ती करता येते. यानंतर तापमान ५०° से. च्या आसपास नेतात. तेथील कोशिकांचे कार्य तात्पुरते मंदावते. रोग्याला कागदावर नागमोडी वर्तुळे काढावयास सांगतात, बोलावयास लावतात आणि कोठे मुंग्या येतात का, बधिरपणा वाटतो का, हे विचारतात. कंप कमी झाला व अनिष्ट लक्षण उद्भवले नाही, तरच अखेरचे झोत देऊन तापमान ५५°–६०° से. पर्यंत चढविले जाते. शस्त्रक्रियेत कापलेला भाग पूर्ववत करता येत नाही. येथे मात्र कायमचा परिणाम घडविण्यापूर्वी त्याची चाचणी घेता येते. तापमान दिसत नसते, तर हा मधला टप्पा शक्यच झाला नसता.

वापर : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये गर्भाशयातील तंत्वार्बुदांच्या (स्नायू व तंतुमय ऊतक यांच्या मारक नसलेल्या गाठींच्या) उपचारासाठी या प्रकारच्या साधनाला मान्यता दिली. २०१२ मध्ये हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना कमी करण्यासाठी, २०१६ मध्ये इसेन्शियल ट्रेमरसाठी व २०१८ मध्ये कंप हे प्रमुख लक्षण असलेल्या कंपवातासाठी ती देण्यात आली. कवटी न उघडता मेंदूवर केलेल्या उपचारांचा पहिला महत्त्वाचा वृत्तांत २००९ मध्ये झुरिक येथून प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घकालीन तंत्रिका वेदना असलेल्या नऊ रोग्यांची नोंद होती.

इसेन्शियल ट्रेमरच्या उपचाराची परीक्षा जेफ्री इलायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत झाली. ७६ रोग्यांपैकी ५६ जणांना खरा व २० जणांना दिखाऊ उपचार देण्यात आला. तीन महिन्यांनंतर खरा उपचार मिळालेल्यांचा हाताचा कंप सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झाला होता. तथापि त्यांपैकी ३८ टक्के रोग्यांत बधिरपणा वा मुंग्या आणि ३६ टक्के रोग्यांत चालण्यातील असमतोल आढळला. एका वर्षानंतर हे प्रमाण अनुक्रमे १४ व ९ टक्क्यांवर आले. तापमान नियोजनाप्रमाणे असले, तरी उष्णता शेजारच्या तंतूंपर्यंत पोहोचू शकते, हे यावरून लक्षात येते.

अष्ठीला ग्रंथीच्या (पुरुषांतील मूत्राशयाच्या तोंडाशी असणाऱ्या प्रॉस्टेट ग्रंथीच्या) उपचारात तापचित्र आणखी एक काम करते. मूत्रमार्गातून आत घातलेली तरंगोत्पादक सळई हळूहळू फिरत असताना ग्रंथीच्या कडेला इष्ट तापमान आले की नाही, हे तापचित्रांवरून पाहून संगणक तरंगांची शक्ती व सळईचा वेग आपोआप बदलतो. अशा साधनाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

मर्यादा : या तापमापनाच्या मर्यादा त्याच्या तत्त्वातूनच उद्भवतात. पहिली म्हणजे वसा. वसेच्या रेणूंतील हायड्रोजन अणूंत पाण्यासारखे हायड्रोजन बंध नसल्याने तापमान वाढले, तरी त्यांची कंप्रता जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे पोटाच्या भिंतीतील वा स्तनातील वसा किती तापली हे या रीतीने कळत नाही. वसा व पाणी एकाच घनखंडात मिसळलेले असल्यास तापमान चुकीचे येते. म्हणून वसेचा संकेत दाबून टाकणाऱ्या विशेष रीती वापरतात. दुसरी मर्यादा हाडांची आहे. हाडातील संकेत अत्यंत लवकर मावळत असल्याने नेहमीच्या तापचित्रात हाड रिकामे दिसते. हाडच सर्वांत जास्त तापत असूनही त्याचे तापमान लगतच्या मऊ ऊतकावरून अनुमानावे लागते.

तिसरी अडचण हालचालीची आहे. श्वासोच्छ्‌वासाबरोबर यकृत एकदोन सेंमी. वरखाली सरकते. आधार-प्रतिमा व नंतरची प्रतिमा यांत अवयवाची जागा बदललेली असल्यास वजाबाकीत खोटे तापमान दिसते. यावर श्वासाच्या निरनिराळ्या अवस्थांतील आधार-प्रतिमांचा संग्रह आधीच करून त्यांतून जुळणारी निवडणे, किंवा न तापलेल्या भोवतालच्या भागावरून मधल्या भागाची मूळ कला गणिताने काढणे, असे उपाय योजतात. चौथी गोष्ट म्हणजे चुंबकाचे स्वतःचे स्थैर्य. १° से. चा संकेत दहा कोटींत एक भाग एवढाच असल्याने क्षेत्र तेवढ्याने ढळले, तरी सर्व शरीर १° से. ने तापल्याचा वा निवल्याचा भास होतो. म्हणून न तापणाऱ्या भागाशी सतत तुलना करून हा ढळ वजा करावा लागतो.

याशिवाय ही रीत तापमानातील बदल सांगते, मूळ तापमान नव्हे. आधार-प्रतिमेच्या वेळी शरीर ३७° से. होते असे गृहीत धरून बदल त्यात मिळविला जातो. आधीच्या झोताने तापलेला भाग पूर्ण निवण्यापूर्वीच नवी आधार-प्रतिमा घेतली, तर पडद्यावर दिसणारे तापमान खऱ्यापेक्षा कमी असते. तसेच घनखंडातील व प्रतिमेच्या काळातील सरासरीमुळे केंद्रबिंदूचे क्षणिक कमाल तापमान काहीसे कमी नोंदले जाते. झोतांमधील विश्रांतीचा काळ कमी न करण्याचे कारण हेच होय.

तापमापन उष्णतेपलीकडचे काही दाखवीत नाही. तीव्र तरंगांमुळे ऊतकातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व त्यामुळे तापमान न वाढताही इजा होऊ शकते. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी बुडबुड्यांचा ध्वनी टिपणारे स्वतंत्र ग्राहक बसविलेले असतात. २०२३ मध्ये अमेरिकेत यकृतातील अर्बुदांसाठी मान्यता मिळालेल्या, बुडबुड्यांच्या यांत्रिक आघातानेच ऊतक फोडणाऱ्या पद्धतीत उष्णतेचा हेतुपुरस्सर वापर नसल्याने तापचित्राचा आधार घेता येत नाही.

इतर पद्धती : शिथिलन काल तापमानानुसार बदलतो; तो वसेतही बदलत असल्याने वसायुक्त भागासाठी त्याचा उपयोग होतो. परंतु या बदलाचे प्रमाण ऊतकागणिक भिन्न असते. पाण्याच्या रेणूंच्या विसरणाचा (आपोआप पसरण्याच्या गतीचा) वेगही तापमानाबरोबर वाढतो. त्यावर आधारलेली रीत १९८९ मध्ये द्‌नी ल बिहान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ती हालचालीच्या बाबतीत अतिशय संवेदनशील असल्याने उपचारात मागे पडली. श्राव्यातीत प्रतिध्वनींवरून तापमान काढण्याचेही प्रयत्न होत आले आहेत. त्याचे साधन स्वस्त व जलद आहे; परंतु ऊतक मरू लागल्यावर त्याचे गुणधर्म बदलत असल्याने नेमक्या आवश्यक त्या तापमानाला त्याचा भरवसा कमी होतो.

चुंबकीय अनुस्पंदन यंत्र महाग व जागा अडविणारे असते, तसेच एका रोग्याच्या उपचारात ते काही तास गुंतून पडते. त्यामुळे या उपचाराचा प्रसार मोठ्या रुग्णालयांपुरता मर्यादित राहिला आहे. प्रतिमा अधिक जलद घेणे, एकाच वेळी अनेक छेदांचे तापमान मिळविणे, हाड व वसा यांचे तापमान मोजणे आणि सरकत्या अवयवांत विश्वसनीय निष्कर्ष काढणे या दिशांनी संशोधन चालू आहे. तापचित्र हे मोजलेल्या कलेवरून काढलेले अनुमान असल्याने ज्या ठिकाणी ते मौन राहते, तेथील धोका ओळखण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या तज्ञावरच राहते. [⟶ तापमापन, शस्त्रक्रिया तंत्र].